नवी आवृत्ती, जुनी रोजकीर्द

दिलसुखनगरला आमच्या काकांच्या घरी माळ्यावर लाल कापडी बांधणीची एक रोजकीर्द आहे. काकांचे वह्या-पेनांचे दुकान कोचिंग क्लासेसच्या गल्लीत आहे, त्यामुळे मी लहानपणी सुट्टीत भालकीहून त्यांच्याकडे जात असे तेव्हा ती दुकानाचीच असावी असे मला वाटे. पुढे अक्षरे लावून वाचता येऊ लागल्यावर एकदा उघडून पाहिली, तर आत नोंदी अशा : ‘ब्लॉक ४, आर्मरर ३, हेवी आर्मर ३, एकूण १०. आता झोपावे.’ असला माल काकांच्या दुकानात कधी आला नव्हता. काकूंना विचारले तर त्या हसून म्हणाल्या, “ते तुझ्या दादाचं दुकान.” दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याने इंटरला असताना, म्हणजे २०१० च्या सुमारास, एका संगणकीय खेळाचा हिशेब काकांच्या उरलेल्या रोजकीर्दीत लिहून ठेवला होता.

त्या खेळाचे नाव ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने तो मार्च २००६ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणीस वर्षांनी, २२ एप्रिल २०२५ रोजी, कोणतीही आगाऊ तारीख न देता त्याच खेळाची ‘रिमास्टर’ केलेली आवृत्ती एकाएकी विक्रीस आली. मी दोन्ही आवृत्त्या खेळले. जुनी आवृत्ती दादाच्या संगणकावर आणि नवी मैत्रिणीच्या भावाच्या लॅपटॉपवर, तीही त्याची परीक्षा संपल्यावर. या दोहोंत नेमका फरक काय, तो कोठे बरा झाला व कोठे झाला नाही, हे सांगावे म्हणून हा लेख. आमच्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी असा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून थोडे मुळापासून सांगते.

या जातीच्या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यात आपण एका पात्राची भूमिका घ्यावयाची असते. पात्राचा वंश, चेहरा, कौशल्ये आपण ठरवतो आणि पुढे ते पात्र आपण जसे वागवू तसे घडत जाते. ‘ऑब्लिव्हियन’ची सुरुवात तुरुंगात होते. मारेकऱ्यांपासून जीव वाचवीत निघालेला सम्राट नेमका आपल्याच कोठडीतील गुप्त वाटेने जातो, पुढे मारला जातो आणि मरण्यापूर्वी राजवंशाचा ताईत आपल्या हाती सोपवतो. भुयारे आणि गटारे ओलांडून आपण बाहेर येतो तेव्हा समोर तलाव, पलीकडे पांढरे भग्न अवशेष आणि चहूकडे मोकळा मुलूख पसरलेला असतो. तेथून पुढे कोणीकडे जावे हे कोणी सांगत नाही. ताईत पोहोचविण्याचे काम लगेच करा किंवा सहा महिने जंगलात औषधी वनस्पती गोळा करीत हिंडा. गावातील माणसे आपापल्या वेळी जेवतात, झोपतात, रात्री दुकाने बंद करतात. एक गंमत मात्र वाणिज्य शाखेच्या माणसास चटकन दिसते. मूळ खेळातील दुकानदाराजवळ एका व्यवहारापुरती रकमेची मर्यादा असते, पण त्याची रोकड संपत कधीच नाही! असा व्यापारी दिलसुखनगरात मिळाला तर काका त्यालाच माल विकतील.

आता ‘रिमास्टर’ या शब्दाविषयी. ध्वनिमुद्रणात ज्या मूळ फितीवरून पुढच्या सर्व प्रती काढतात तिला मास्टर म्हणतात. त्या मुद्रणावर पुन्हा संस्कार करून नवी मास्टर तयार करणे म्हणजे रिमास्टर करणे. गाणे तेच, गळा तोच, खरखर कमी. रिमेकमध्ये मात्र तीच कथा घेऊन सर्व काही नव्याने बांधतात. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत होऊन पडद्यावर आला, तो पहिल्या प्रकाराच्या जवळचा. आपल्याकडचे याहून मोठे उदाहरण म्हणजे ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ग्रंथात पुढे नकलकारांच्या हातून अपपाठ शिरले, आणि एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ते काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाथ मागे, मुळाकडे जात होते. खेळांचे रिमास्टर करणारे मुळावर उभे राहून पुढे, आजच्या ग्राहकाकडे पाहत असतात. त्यामुळे काय काढावे आणि काय ठेवावे याचा निर्णय त्यांना पदोपदी करावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी भक्तिभावाने होतोच असे नाही.

‘ऑब्लिव्हियन’चे हे काम बेथेस्डाच्या बरोबरीने व्हर्च्युओस या कंपनीने केले. त्यांनी काम कसे केले ते मला फार विलक्षण वाटले. जुन्या खेळाचे इंजिन, म्हणजे कोण कोठे आहे, कोणाला किती मार लागला, कोणती वस्तू कोणाच्या पिशवीत आहे हे सर्व ठरवणारी यंत्रणा, त्यांनी आत तशीच चालू ठेवली. तिच्यावर चित्र रंगविण्याचे काम तेवढे ‘अनरियल ५’ या आधुनिक इंजिनाकडे दिले. एखाद्या पेढीत जुने मुनीमजी मागच्या खोलीत बसून तीच रोजकीर्द लिहीत आहेत आणि पुढच्या दालनात नवे काचेचे काउंटर लागले आहे, तसा हा प्रकार. परिणाम दोन्ही बाजूंचे झाले. पाने, पाणी, चिलखतावरील ओरखडे पाहून डोळे निवतात. आणि मुनीमजींच्या जुन्या सवयीही, काही चुकांसकट, जशाच्या तशा राहिल्या आहेत.

परंतु खरा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो हिशेबात आहे, आणि दादाची रोजकीर्द येथेच येते.

मूळ खेळात एकूण २१ कौशल्ये आहेत. त्यांतील ७ आपण ‘मुख्य’ म्हणून निवडावयाची. जे कौशल्य वापराल ते वाढते, ढालीने वार अडविले की ढाल वाढते आणि धावले की धावणे. मुख्य कौशल्यांत मिळून १० अंकांची वाढ झाली की बिछान्यावर झोपावयाचे, म्हणजे पात्र एक पातळी वर चढते. त्या वेळी शक्ती, सहनशक्ती, वेग इत्यादी ८ गुणांपैकी ३ वाढविता येतात. किती वाढविता येतात हे मात्र त्या गुणाशी जोडलेली कौशल्ये त्या पातळीत किती वाढली यावर अवलंबून. एकही वाढले नसेल तर १, एकंदर दहा अंकांनी वाढली असतील तर ५. ‘ब्लॉक ४, आर्मरर ३, हेवी आर्मर ३’ या नोंदीचा अर्थ आता वाचकांच्या ध्यानात येईल. ही तिन्ही सहनशक्तीची कौशल्ये, बेरीज दहा, म्हणजे सहनशक्तीत पूर्ण पाचाची वाढ.

आता गणित पाहा. तीन गुणांत पूर्ण वाढ हवी तर ३० अंक कमवावयास हवेत. पण मुख्य कौशल्यांत १० झाले की पातळी पुरी होते. उरलेले २० मुख्य नसलेल्या कौशल्यांतून आणावे लागतात. म्हणजे शहाण्या खेळाडूने आपल्या आवडीची, रोजच्या उपयोगाची कौशल्ये मुख्य म्हणून निवडूच नयेत! जी कधी वापरावयाची नाहीत ती मुख्य म्हणून दाखवावी आणि खरी कमाई दुसऱ्या खात्यात करावी. आमच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात याला ताळेबंद सजविणे म्हणतात. त्यात आणखी एक मेख अशी की दर पातळीला मिळणारे आयुष्याचे अंक हे त्या वेळच्या सहनशक्तीच्या एक दशांश असतात आणि मागचे भरून मिळत नाहीत. म्हणून सहनशक्ती आधी वाढवावी, चक्रवाढ व्याजाच्या ठेवीसारखी, जितकी लवकर तितकी लाभाची.

एवढे करून जग स्थिर असते तरी चालले असते. पण ‘ऑब्लिव्हियन’मध्ये आपण एक पातळी चढलो की शत्रूही आपल्याबरोबर चढतात. पहिल्या पातळीला रानात उंदीर आणि लांडगे भेटतात, पुढे त्याच रानात अस्वले येतात. शेवटी शेवटी तर साधा वाटमाऱ्यासुद्धा काचेच्या मौल्यवान चिलखतात समोर उभा राहतो आणि आपल्याकडे मागतो काय, तर शंभर नाणी! अंगावर हजारोंचा ऐवज घालून शंभरासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

दादाने पहिल्यांदा खेळ सुरू केला तेव्हा हे काहीच त्याला ठाऊक नव्हते. तो दुकानदाराचा मुलगा, त्याने मुख्य कौशल्यांत व्यापार घेतला, संभाषण घेतले, धावणे आणि उड्या मारणे घेतले. त्याच्यासारखाच एक मनुष्य त्याला त्या मुलखात पाठवावयाचा होता. ताईताचे काम बाजूस ठेवून तो गावोगाव घासाघीस करीत हिंडला. प्रत्येक सौद्याने पातळी वाढत गेली, वेग वाढला, व्यक्तिमत्त्व वाढले, तलवार होती तेथेच राहिली. मग एकदाचा तो क्वाच नावाच्या जळत्या शहराकडे गेला. तेथे शहराबाहेर उघडलेल्या नरकाच्या दारातून आत शिरावे लागते. आतले राक्षस त्याच्या पंधराव्या पातळीच्या मापाने वाढलेले, आणि हा मात्र गोड बोलणारा वाणी. काकू सांगतात, तीन दिवस तो एकाच जागी मरत होता आणि शेवटी त्याने संगणकावर चादर टाकली.

दादा मला मागे म्हणाला होता, “मला वाटलं मलाच खेळता येत नाही.” हे त्याचे वाक्य मला फार लागले. कारण त्याची चूक एवढीच की खेळाने जे विचारले त्याचे त्याने खरे उत्तर दिले. पुढे एका मित्राने इतर खेळाडूंची टिपणे छापून आणून दिली, तेव्हा कोठे त्याला आतला हिशेब समजला. त्याने नवे पात्र घेतले, रोजकीर्द उघडली आणि दर पातळीला बेरजा मांडून तो खेळ शेवटास नेला. त्या पात्राचे नाव आहे, वंश आहे, पण त्याच्याविषयी दादा कधी बोलत नाही. बोलतो तो पहिल्या वाण्याविषयीच.

रिमास्टर करणाऱ्यांनी नेमका हा हिशेब बदलला आहे. आता दर पातळीला सरळ १२ अंक मिळतात. ते तीन गुणांत वाटावे, एका गुणात जास्तीत जास्त ५. नशीब हा गुण तेवढा महाग, त्याच्या एका अंकास चार मोजावे लागतात. मुख्य आणि गौण दोन्ही कौशल्ये पातळीच्या हिशेबात धरली जातात, त्यामुळे खोटी निवड करण्याचे कारणच उरले नाही. रोजकीर्द लिहावयास नको, बेरीज नको. माझ्या मते ही या आवृत्तीतील सर्वांत चांगली गोष्ट आहे, झाडापानांहून आणि चकाकणाऱ्या चिलखताहून चांगली. जुन्या खेळाडूंपैकी काहींना वाटते की यात कौशल्य गेले. मला ते पटत नाही. हिशेब लपवून ठेवून मग तो न येणाऱ्यास शिक्षा करणे यात कौशल्य कसले?

तरीही दुरुस्ती अर्धीच झाली आहे. शत्रू अजूनही आपल्याबरोबर चढतातच, आणि दादाचा वाणी नव्या आवृत्तीतही क्वाचला घाम गाळील. फक्त आता त्याला सौदे करता करता शक्तीतही अंक टाकता येतील, म्हणजे निदान तो दारात मरणार नाही. मूळ आराखड्यास हात लावला असता तर तो रिमेक झाला असता. कर्त्यांनी कोठे तरी थांबावयाचे ठरविले, ते येथे.

बाकी बदल थोडक्यात सांगते. पूर्वी पात्राला वेगाने पळता येत नसे, आता येते. वार लागला की शत्रू आता खरोखर हेलपाटतो, पूर्वी उशीवर काठी मारल्यासारखे वाटे. माणसांचे ओठ शब्दांबरोबर हलतात. मूळ खेळात मोजक्याच नटांनी शेकडो पात्रांना आवाज दिले होते, आणि भिकारी भीक मागताना एका आवाजात व बातमी सांगताना दुसऱ्याच आवाजात बोलत असे. आता काही वंशांसाठी नवे आवाज घेतले आहेत. सम्राटाचा पॅट्रिक स्टुअर्ट आणि त्याच्या मुलाचा, मार्टिनचा, शॉन बीन यांचे आवाज मात्र पूर्वीचेच आहेत, आणि ते तसेच ठेवले हे योग्यच झाले.

रंगाबद्दल माझी तक्रार आहे. जुन्या खेळातील हिरवा रंग जरा भडकच होता, पावसाळ्यानंतर आमच्या भालकीकडचे माळ दिसतात तसा. नव्यात तोच मुलूख तपकिरी-पिवळट छटेत बुडविला आहे. प्रकाश खरा वाटतो, सावल्या खऱ्या वाटतात, पण तुरुंगातून बाहेर पडल्यावर जो मोकळा श्वास यावा तो मला जुन्याच चित्रात येतो. कदाचित ते चित्र मी सहा वर्षांची असताना दादाच्या खुर्चीमागे उभी राहून पाहिले होते, म्हणूनही असेल.

एका चुकीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मूळ खेळात टँडिलवे नावाची एक एल्फ स्त्री आहे. तिचे एक वाक्य ध्वनिमुद्रित होताना नटीला ते पसंत पडले नाही, तिने मध्येच थांबून ‘पुन्हा म्हणते’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि वाक्य परत म्हटले. हे सगळे कापावयाचे राहून गेले व तसेच खेळात आले. खेळाडूंनी या चुकीवर एकोणीस वर्षे प्रेम केले. रिमास्टरमध्ये सगळी सजावट नवी झाली, पण ही चूक जागच्या जागी आहे. एकनाथांच्या कसोटीने हा उघड अपपाठ. पण एखादा अपपाठ वाचकांच्या तोंडी इतका रुळतो की तो काढणेच चुकीचे वाटू लागते. टँडिलवेच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नव्हते, पातळीच्या हिशेबाने बिघडत होते. एक ठेवली आणि दुसरा बदलला, यात मला विवेक दिसतो.

आता पैशाची बाजू, कारण ती सोडली तर वाणिज्य शाखेला बट्टा लागेल. एप्रिल २००६ मध्ये याच खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकले गेले होते. घोड्याला त्याचा म्हणावा तसा उपयोग नव्हता, आणि त्या काळी त्याची भरपूर थट्टा झाली. आज खेळातील सुट्या वस्तू विकणे हा फार मोठा व्यवसाय आहे, तेव्हा हसणारे हसले आणि विकणारे शिकले असे म्हणावे लागते. २०२५ च्या आवृत्तीची साधी किंमत ५० डॉलरला एक सेंट कमी. दहा डॉलर जास्त दिले की मिळणाऱ्या विशेष प्रतीत काय आहे? इतर वस्तूंबरोबर घोड्याची नवी चिलखते!

पण किमतीहून मोठी अडचण यंत्राची आहे. मूळ खेळास कमीत कमी ५१२ मेगाबाइट स्मृती आणि डिस्कवर साडेचार गिगाबाइटहून थोडी अधिक जागा लागत असे. नव्यास कमीत कमी १६ गिगाबाइट स्मृती, म्हणजे बत्तीसपट, आणि जागा १२५ गिगाबाइट, म्हणजे सुमारे सत्तावीसपट. शिवाय चांगले ग्राफिक्स कार्ड हवे ते निराळेच. एवढे करूनही मोकळ्या मैदानात चित्र अडखळते अशी तक्रार भारी यंत्रे असणाऱ्यांनीही केली. दादाचा संगणक सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून जोडलेला आहे आणि त्यावर जुना खेळ आजही चालतो. नवा त्यावर उघडणारही नाही. आमच्या खोल्यांवर राहणाऱ्या क्लासच्या मुलांपैकी किती जणांकडे असा लॅपटॉप असेल, ते ज्याचे त्याने मोजावे.

म्हणून नवी आवृत्ती आल्यावर जुनीचे काय होते हा प्रश्न मला चित्राच्या झळाळीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. येथे कंपन्यांचे वागणे सारखे नाही. २०२१ मध्ये ‘डायब्लो २’ नव्या रूपात आला तेव्हा त्यात एक कळ ठेवली होती. ती दाबली की त्याच क्षणी चित्र २००० सालचे होते, पुन्हा दाबली की आजचे. याहून प्रामाणिक तुलना दुसरी नसेल. उलट २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती आली तेव्हा जुनी विकत घेतलेल्यांचीही प्रत बदलली गेली. २०२१ मध्ये ‘जीटीए’च्या तीन खेळांच्या नव्या आवृत्तीपूर्वी जुने तिन्ही विक्रीतून काढले होते, आणि नव्यातील दोषांवर ओरड झाल्यावर संगणकासाठी ते परत आणावे लागले. ‘ऑब्लिव्हियन’च्या बाबतीत २०२५ मध्ये मूळ खेळ विक्रीतून काढला गेला नाही. खेळाडूंनी स्वतः भर घालावी म्हणून मूळ खेळासाठी कंपनीने साधने फुकट दिली होती व त्यांवर लोकांनी वर्षानुवर्षे काम केले. नव्या आवृत्तीस तशी अधिकृत सोय दिलेली नाही. म्हणजे ज्याला नुसते खेळावयाचे आहे त्याच्यासाठी नवी, आणि ज्याला खेळ उघडून आत हात घालावयाचा आहे त्याच्यासाठी अजून जुनीच.

दादा आता पुण्याला नोकरीस असतो. २०२५ च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी तो लॅपटॉप दोन दिवसांसाठी मागून आणला. दादाने पुन्हा तोच वाणी तयार केला, व्यापार, संभाषण, धावणे, उड्या. पहिली पातळी चढल्यावर पडद्यावर १२ अंक आले. तो थोडा वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, “एवढंच?” मी म्हटले, “एवढंच.” त्याने पाच अंक सहनशक्तीत टाकले, सवयच ती, आणि पाच शक्तीत, दोन व्यक्तिमत्त्वात. रात्री अडीच वाजता तो क्वाचच्या दारातून आत गेला. दोनदा मेला. तिसऱ्यांदा दार बंद करून बाहेर आला आणि काकूंना उठवायला निघाला होता, मीच अडविले.

लॅपटॉप परत गेला. रोजकीर्द दादाने नेली नाही, ती माळ्यावरच आहे व तिची मागची चाळीस पाने कोरी आहेत. सहामाही आटोपली की मी जुन्या संगणकावर मूळ खेळ पहिल्यापासून मांडणार आहे. माझे पात्र लढवय्येच राहील, कारण मला घासाघीस मुळीच जमत नाही, आणि म्हणूनच दादाच्या सल्ल्याने मी मुख्य कौशल्यांत व्यापार लिहिणार आहे.